दोनशे रुपयांची उचल

बारामतीत राहायला आल्यावर पहिले चार महिने मी गिरणीच्या अंगणाबाहेर पाऊल टाकलं नाही. टाकायची गरज नव्हती, आणि हिंमतही नव्हती. आमची खोली पिठाच्या गिरणीला चिकटून होती, मधली भिंत एकच. पलीकडं माझा नवरा ऑइल इंजिन चालवायचा, अलीकडं मी भाकरी थापायची. इंजिन सुरू झालं की फळीवरची भांडी थरथरायची. पिठाचा बारीक थर गोधडीवर, पाण्याच्या हंड्यावर, माझ्या पापण्यांवरसुद्धा बसायचा. सुरुवातीला त्या आवाजाचा मला आधार वाटे. इंजिन चाललंय म्हणजे तो तिथंच आहे, दहा हातांवर.

मला अठरावं संपलं होतं, तो बावीसचा. आम्ही पळून आलो होतो.

माझं माहेर सणसरचं. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. गावातल्या पुष्कळ जणांनी तोवर ऊस धरला होता, आबांनी मात्र भाजी सोडली नाही. वांगी, मिरची, घेवडा, मेथी असा माल दर आठवड्याला बारामतीच्या बाजारात जायचा. आबांना अक्षरओळख नव्हती. पाटाच्या पाण्याच्या पावत्या कुणाकडून तरी वाचून घ्याव्या लागत, त्याचा त्यांना राग होता. म्हणून त्यांनी मला सातवीपर्यंत शिकवलं. मी फायनल पास झाले तेव्हा ते माझ्यापेक्षा जास्त खूष होते. दाखला त्यांनी स्वतःच्या हातानं घडी घालून ट्रंकेत ठेवला.

त्याच सुमारास आमच्या विहिरीवर इंजिन आलं. ते बिघडलं की इंदापूरहून एक तरुण मिस्त्री यायचा. एका उन्हाळ्यात तो तीनदा आला. तिसऱ्यांदा इंजिनात काहीच बिघाड नव्हता हे मला माहीत होतं, कारण तेलाच्या नळीत चिंधीचा बोळा मीच कोंबला होता. त्यानं तो चिमट्यानं बाहेर काढला, माझ्याकडं बघितलं आणि आबांना म्हणाला, "कचरा अडकला व्हता, आबा."

त्याची जात आमची नव्हती. आबांना कुणकुण लागली आणि आठ दिवसांत माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू झालं. दिवाळीनंतर एका सकाळी मी घर सोडलं. नरसिंहपूरला देवापुढं आम्ही एकमेकांच्या गळ्यात हार घातले. त्याचा एक दोस्त सोबत होता, बाकी कुणी नाही. बाहेर येऊन संगमाच्या घाटावर बसलो, तेव्हा त्यानं खिशातले पैसे मोजले. बारामतीपर्यंतचं भाडं निघालं, वर सहा आणे उरले.

बारामतीच्या गिरणीमालकाला इंजिनावर माणूस हवा होता. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. स्वच्छ धोतर, काळा कोट, आवाज कधी चढायचा नाही, मलासुद्धा अहो-जाहो करायचे. त्यांनी खोली दिली आणि दोनशे रुपये उचल दिली. उचल म्हणजे कामाआधीच घेतलेले पैसे, पगारातून फेडायचे. त्यातून भांडी आली, एक पत्र्याची ट्रंक, एक गोधडी, दोन लुगडी, माझं डोरलं. पगार पंचेचाळीस. त्यातून सहा रुपये खोलीचे आणि पंधरा उचलीचे कापून हातात चोवीस यायचे. मी जमिनीवरच्या पिठात बोटानं हिशेब मांडला. चौदा महिन्यांत मोकळे.

"चौदा म्हयने काय, असं जातील," तो म्हणाला आणि त्यानं चुटकी वाजवली.

ते दिवस चांगले होते हे मला सांगितलंच पाहिजे. दुपारच्या सुट्टीत तो पांढऱ्या भुवया घेऊन यायचा, म्हाताऱ्यासारखा वाकून चालायचा, खोकायचा, आणि मी पोट धरून हसायची. एकदा त्यानं गजरा आणला होता. आमच्या हसण्याचा आवाज शेठच्या ओट्यापर्यंत जाऊ नये म्हणून मी तोंडात पदर कोंबला होता.

एकदाच मी शेठना म्हटलं, की गावात दुसरीकडं कुठं खोली मिळेल का, इथं पीठ फार उडतं. ते हसले. "बाई, पळून आलेल्या माणसांना खोली कोण देतं?" ते अगदी मायेनं म्हणाले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी परत तो विषय काढला नाही.

किराणा शेठच्या ओळखीच्या दुकानातून यायचा आणि वहीत चढायचा. रोखीनं बाजार केला तर निम्म्यात होईल असं मी पाचव्या महिन्यात नवऱ्याला सांगितलं आणि बाजारच्या दिवशी पदर नाकापर्यंत ओढून बाहेर पडले. खरं म्हणजे भाजी हे निमित्त होतं. आई बाजारला येते हे मला ठाऊक होतं.

ती नेहमीच्या जागी बसली होती, गोणपाटावर वांगी, मिरची, कोथिंबीर मांडून. लहानपणी मी तिच्या शेजारीच बसायची. पलीकडं माझे चुलते, तात्या, तराजू धरून. तात्यांनी मला ओळखलं आणि मान फिरवली. मुलगी मेली असं घरात ठरलं असणार. मी गिऱ्हाइकासारखी समोर उकिडवी बसले.

"वांगी कशी दिली?"

आईनं वर बघितलं. तिचा हात मिरच्यांवर तसाच राहिला. मग ती म्हणाली, "दोन आणं शेर. सकाळीच तोडल्याती."

"शेरभर द्या."

आईला मी जन्मात कधी अहो-जाहो केलं नव्हतं. ती एकेक वांगं फिरवून बघत होती, कीड नाही ना. मी दोन आण्यांची चवली दिली. ती गोणपाटाखाली चाचपडली आणि माझ्या मुठीत काहीतरी देत म्हणाली, "ही तुमची मोड." मोड यायची नव्हतीच. पुढं गल्लीत जाऊन मूठ उघडली तर एक रुपया आणि वर चार आण्यांची पावली.

त्यानंतर दर आठवड्याला मी वांगी घ्यायची आणि आई मला मोड द्यायची. तात्यांना हे दिसत नाही असं मी पुष्कळ वर्षं धरून चालले. आता वाटतं, दिसत असणार. मी आले की ते हमखास विडी पेटवायला पाठ करायचे.

नवऱ्यानं विचारलं, पैसे कुठून उरतात. मी म्हटलं, काटकसर करते. मी त्याच्याशी खोटं बोलले ते तेव्हा पहिल्यांदा. माझ्या माहेरच्या पैशावर आपण जेवतो हे त्याला कळलं असतं तर त्यानं ताट सारलं असतं, आणि दुसरं ताट आमच्याकडं नव्हतं.

वैशाखात इंजिनाचं बेअरिंग जळालं. शेठनी स्वस्तातलं तेल आणलं होतं, ते पातळ आहे असं नवऱ्यानं दोनदा सांगितलं होतं, पण सांगितल्याचा काही कागद नव्हता. पुण्याहून सुटा भाग येईपर्यंत गिरणी नऊ दिवस बंद राहिली. दहाव्या दिवशी शेठनी वही उघडली. सुट्या भागाचे पैसे, माणसाचं भाडं, बंद दिवसांचं नुकसान, किराणा. एकशे दहावर आलेली बाकी अडीचशेच्या वर गेली. सहा महिने राबून आम्ही निघालो होतो त्याच्याही मागं पोचलो.

"सावकाश फेडा," शेठ म्हणाले. "मी कुठं घाई करतोय?"

नवऱ्याचं बोलणं कमी झालं ते त्या दिवसापासून. दुपारी यायचा, जेवायचा, भिंतीकडं तोंड करून आडवा व्हायचा. एकदा रॉकेलवरून भांडलो. तो म्हणाला, दिवा कशाला लागतो एवढा वेळ? मी म्हटलं, मग अंधारात बसू का? पळून आलेल्यांना भांडणसुद्धा हळू आवाजात करावं लागतं. भांडलेलं कुणी ऐकलं तर सगळे म्हणणार, बघा, सांगत नव्हतो? ती भांडी दिवसभर थरथरायची, आणि मला वाटायचं आपणही त्यांच्यातलंच एक भांडं, फळीवर ठेवलेलं.

श्रावणात पुण्याहून त्याच्या दोस्ताचं कार्ड आलं. तिकडं नव्या कारखान्यात माणसं घेताहेत, आठ दिवसांत ये. मीच ते वाचून दाखवलं. त्यानं परत वाचायला लावलं. त्याच्या तोंडावर उजेड आलेला मी फार दिवसांनी बघितला.

दुसऱ्या दिवशी तो शेठकडं गेला. दुपारी बाराला इंजिन थांबलं. एवढा आवाज एकदम बंद झाला की कान दुखायचे. तो उंबऱ्यावर येऊन बसला. मी भाकरी वाढली.

"शेठ म्हणत्यात जा," तो म्हणाला.

"आन् बाकी?"

"तितनं पाठवायची. म्हयन्याला तीस."

"मग बांधू का गठुडं?"

तो भाकरीचा तुकडा मोडत राहिला, तोंडात घालेना. "तू हितंच राह्यचं. फिटंस्तोवर."

"म्हंजी?"

"म्हंजी खोली हाय. धान्य निवडायचं काम देत्याल. पैसं फिटलं की म्या येऊन घेऊन जातो."

"मला तारण ठिवून निगालाय व्हय?"

"तसं न्हाय गं."

"मग कसं?"

अंगणात कुणीतरी पोती ओढत होतं.

"तुमी काय म्हणाला त्यास्नी?"

"इचार करून सांगतो म्हणलं."

त्याला खोटं बोलता यायचं नाही. कान लाल व्हायचे. त्या दुपारी दोन्ही कान लाल झाले होते, म्हणजे तो हो म्हणून आला होता. मी त्याच्याकडं बघत राहिले. नळीतला बोळा काढून आबांना 'कचरा' सांगणारा तो, आणि हा, एकच माणूस.

"जावा," मी म्हटलं.

मी रडेन, पाय धरीन अशी त्याची तयारी असावी. त्यानं दोनदा विचारलं, रागावून म्हणतीस का? मी रागावलेच होते. पण त्यापेक्षा मला वाटत होतं की आमच्यापैकी कुणीतरी एक ह्या अंगणातून बाहेर पडलेलं मला बघायचंय. गणपतीच्या आधी तो गेला. दौंडच्या छोट्या रेल्वेगाडीपर्यंत पोचवायला मी गेले नाही. शेठ म्हणाले, "तुम्ही कशाला त्रास घेता?" आणि मी फाटकाच्या आतच थांबले. मला कुणी धरलं नव्हतं.

इंजिनावर दुसरा माणूस आला. आवाज तोच, पण आता तो ऐकून डोकं दुखायचं. मी दिवसभर ज्वारी-गहू निवडायची. मजुरीचे पैसे हातात येत नव्हते, बाकीतून वजा व्हायचे. पहिल्या महिन्यात तीस रुपयांची मनिऑर्डर आली, दुसऱ्या महिन्यात वीस. त्यानंतर काहीच नाही. पत्रही नाही. पोस्टमन अंगणापुढून सायकलवर जाताना मी निवडायचं थांबायची, आणि शेठ ओट्यावरून बघायचे. ते कधी टोचून बोलले नाहीत. एकदा फक्त म्हणाले, "तरुण मुलगा आहे. पुणं मोठं आहे." त्या दिवशी मी ज्वारीतले खडे तसेच ठेवले.

गिरणीवर दळण घेऊन एक मास्तरीणबाई यायच्या. विधवा, मुलींच्या शाळेत शिकवायच्या, नंबर लागेपर्यंत माझ्याजवळ बसायच्या. एकदा दळणाची चिठ्ठी मी वाचली तेव्हा त्यांनी मान वर केली.

"किती शिकलीस?"

"सातवीची फायनल."

"आणि खडे निवडतेस?" त्या जवळजवळ ओरडल्याच. "खेडेगावांत शाळांना बाया मिळत नाहीत. दाखला आण, अर्ज मी लिहून देते."

"दाखला घरी हाय. आबांच्या ट्रंकेत. आन् शेठची बाकी हाय."

"बाकी कुणाच्या नावावर? कागदावर सही कुणाची?"

मला माहीत नव्हतं. वर्ष होत आलं होतं, मला वाचता येत होतं, आणि तो कागद मी एकदाही मागितला नव्हता. आजही ह्या एका गोष्टीची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

पुढच्या बाजाराला मी आईसमोर बसले. तात्या पलीकडं होतेच. मी वांगी उलटीपालटी करत खाली मान घालून म्हटलं, "ट्रंकेत माझा कागद हाय. सातवीचा. त्यो पायजे."

"कोथमीर घ्या, ताजी हाय," आई म्हणाली. तिनं ऐकलं की नाही मला कळेना.

पुढच्या आठवड्याला गेले तर आई एकटीच होती. तात्या चहाला गेले होते. तिनं टोपली पुढं ढकलली. "मेथी बघून घे. खालची चांगली हाय."

जुड्यांच्या खाली फडक्यात बांधलेलं एक गाठोडं होतं. सोडलं तर कागदच कागद. पाटाच्या पावत्या, जमिनीचे उतारे, इंजिनाचा कागद, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. आईला वाचता येत नव्हतं. माझा कुठला ते कळेना म्हणून तिनं ट्रंकेतले सगळेच उचलून आणले होते. मी मेथीच्या आडोशानं एकेक उलगडत होते. वारा होता. एक पावती उडाली, ती आईनं पायानं दाबून धरली.

"घावला का?"

"घावला."

"त्योच का? नीट बघ. परत आणता यायचं न्हाय."

माझं नाव, आबांचं नाव, शाळेचा शिक्का. मी दाखला चोळीत घातला. बाकीचे कागद आईनं परत बांधले, वर मेथी रचली. तात्या येताना दिसले तेव्हा ती मोठ्यानं म्हणाली, "दोन जुड्या न्ह्या बाई, पैसं पुढल्या बाजारी द्या." त्याच्या पुढच्या बाजाराला तात्या एकटेच आले होते. त्याच्या पुढच्यालाही. आईचं काय झालं ते मी विचारू शकले नाही, आणि ते सांगू शकले नाहीत. त्यांनी माझ्या पिशवीत मापापेक्षा मूठभर मिरची जास्त टाकली, एवढंच.

मास्तरीणबाईंनी अर्ज लिहिला, कुणाला तरी भेटल्या. संक्रांत झाल्यावर इंदापूरपलीकडच्या बावड्याच्या शाळेवर नेमणुकीचा कागद आला, माझ्याच नावानं, गिरणीच्या पत्त्यावर. शेठनी तो मला देण्याआधी पाकीट उलटसुलट करून बघितलं.

"अभिनंदन, बाई. पण बाकीचं काय?"

"त्यो उचलीचा कागद दाखवा," मी म्हटलं.

"कशाला?"

"वाचायचा हाय."

त्यांनी कपाटातून काढून दिला. मी उभ्या उभ्या मोठ्यानं वाचला, पहिल्या ओळीपासून. दळणाला आलेल्या बाया ऐकत होत्या. खाली नवऱ्याची सही होती, एका साक्षीदाराची होती.

"ह्यात माझं नाव न्हाय, शेठ."

"नाव नसलं तरी माणुसकी असते."

"हाय. पैसं बुडवणार न्हाय. पगार झाला की म्हयन्याला धा रुपयं मनिऑर्डर करीन. पर हितं बसून न्हाय."

त्यांनी कागद घडी घालून परत कपाटात ठेवला. मग म्हणाले, भांडीकुंडी आणि ट्रंक इथं राहील. मी म्हटलं, राहू द्या. माझा आवाज शाळेत कविता म्हणताना यायचा तसा येत होता. फाटकातून बाहेर पडताना कुणीही अडवलं नाही. ते फाटक कधी कुलपात नसायचंच, निदान दिवसा तरी.

इंदापूरच्या एस.टी.त बसले. वाटेत सणसरला गाडी थांबली. मी पदर ओढून खाली बघत राहिले. आमच्या वस्तीकडची दोन माणसं चढली, माझ्या पुढच्याच बाकावर बसून कालव्याच्या पाळीबद्दल बोलत राहिली.

बावड्यात एका म्हाताऱ्या जोडप्याकडं मला खोली मिळाली. भत्ता धरून पगार पन्नासच्या आतबाहेर. पहिल्याच महिन्यात मी दहा रुपये पाठवले. शेठची पोच आली, सुवाच्य अक्षरात, बाकीच्या आकड्यासकट. ती दर महिन्याला येत राहिली.

सात-आठ महिन्यांनी शाळा सुटल्यावर लिंबाखाली नवरा उभा दिसला. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, हातात पिशवी. मुली माझ्याकडं बघत होत्या म्हणून मी त्याला गावातल्या ओळखीच्या माणसाला म्हणावं तसं म्हटलं, "या."

वाटेत तो म्हणाला, "गिरणीवर गेल्तो. शेठ म्हणाले, बाई बावड्याला गेल्या. साठ रुपयं आणल्यात म्या."

"मनिऑर्डर का थांबली?"

"काम सुटलं. चार म्हयने मालधक्क्यावर पोती उचलली."

"पत्र?"

"काय लिहू?"

खोलीत आल्यावर मी त्याला पाणी दिलं. तो पितो तोवर थांबले आणि मग विचारलं, "त्या दुपारी शेठला तुमी हो म्हणूनच आलता न्हवं?"

त्यानं तांब्या खाली ठेवला. "व्हय."

कारण सांगितलं नाही, हात जोडले नाहीत. एवढं खरं बोलला म्हणून मी त्याला राहा म्हटलं. त्या दिवशी मी त्याला माफ केलं असं मात्र नाही. ते पुढं कधी झालं असेल तर मला कळलं नाही. तो आसपासच्या विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करू लागला, हातात कसब होतंच. बाकी आम्ही दोघांनी मिळून फेडली. शेवटचे दहा रुपये गेले आणि पंधरा दिवसांनी इंदापूरच्या स्टँडवर आमच्या नावानं पार्सल आलं. ट्रंक होती, आत भांडी, गोधडी धुऊन घडी घातलेली. शेठनी पार्सलचा खर्च स्वतः भरला होता. त्या माणसाबद्दल काय वाटून घ्यावं हे मला तेव्हाही कळलं नाही.

उचल आम्ही परत कुणाकडून घेतली नाही. घर बांधतानासुद्धा नाही, त्यामुळं ते पुरं व्हायला अकरा वर्षं लागली, आणि त्यावरूनही आम्ही पुष्कळ भांडलो. आता मोठ्या आवाजात भांडायचो.

आबा आले नाहीत. मुलगी झाली तेव्हा आई आली, तात्यांनी आणून सोडली. कागदांपायी तिला काय सोसावं लागलं ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "झालं ते झालं. पोरीला टोपडं घाल." चार दिवस राहिली. नवऱ्याशी ती थेट बोलली नाही, पण त्याच्या ताटात भाकरी वाढताना दुसरी न विचारता वाढायची. पाचव्या दिवशी तो तिला इंदापूरच्या गाडीत बसवून आला. मी बाळंतपणाची रजा संपवून पुढच्या महिन्यात शाळेत गेले. पहिल्या तासाला पाढे होते.